मोरीत गेलेलं सत्त्व

पाव हे आजारी माणसाचं खाणं आहे, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. आमच्या गावाकडचं कुणी शहरातल्या घाटीच्या सरकारी दवाखान्यात भरती झालं की बघायला जाणारा माणूस सोबत केळी आणि पाव घेऊन जायचा. आजारी माणूस तो पाव चहात बुडवून गिळायचा, कारण बिचाऱ्याला भाकरी चावायचा दम नसायचा. धडधाकट माणसानं पाव खायचा म्हणजे पाय शाबूत असताना कुबडी घेऊन हिंडायचं. माझी सून अमृता लग्न होऊन घरात आली तेव्हाच मी तिला हे सांगितलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि वर्षाच्या आत पाव भाजायची विजेची भट्टी आणली.

घर शहरात, गारखेड्यात. वर मी, माझा मुलगा सुयश आणि अमृता राहतो. सुयश वाळूजच्या कंपनीत आहे, त्याच्या पाळ्या बदलत असतात, त्यामुळं तो या गोष्टीत फारसा नाही. असता तरी काही बोलला नसता. खाली रस्त्याच्या अंगाला एक खोली, तिच्यात भट्टी. घर अमृताच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या व्याह्यांचं. काकासाहेब देवगाव रंगारीचे. जमीन भरपूर, बोलणं त्याहून भरपूर. लेकीला राहायला घर दिलं हे खरं, पण दिल्याचं सांगायचं काही त्यांनी थांबवलं नाही. माणूस दान एकदा करतो. काकासाहेब दर पंधरवड्याला येऊन तेच दान पुन्हा करतात. पांढरे कडक कपडे, कपाळाला अष्टगंध, आणि आल्याआल्या भिंतीवरून हात फिरवून म्हणणार, “गिलावा कसा टिकलाय बघा विहीणबाई. आमचं काम असंच असतंय.” जसा काही यांनीच थापी घेऊन मारला होता.

अमृता आजूबाजूच्या घरांना मैद्याचा पाव करून द्यायची. चांगला होतो, असं खाणारे म्हणायचे. मी खाल्ला नव्हता. एक गोष्ट मात्र मला दिसत होती. वरच्या घरात ती सून होती. खालच्या खोलीत काम करताना ती शिट्टी वाजवायची, आणि मी जिन्यात असले तरी थांबायची नाही. तेवढी एक खोली त्या पोरीची स्वतःची होती.

दसरा झाल्यावर फर्दापूरचा एक लॉजवाला नाव ऐकून आला. त्याचं नाव इंद्रजीत. अजिंठ्याची लेणी बघायला बाहेरच्या देशांतले लोक येतात, ते त्याच्याकडं उतरतात. त्यांना सकाळी पाव लागतो, आणि तो मैद्याचा चालत नाही. काळा चष्मा डोक्यावर सरकवून इंद्रजीत म्हणाला, “ताई, मैदा बिलकुल नको. कणकेचा पाव पाहिजे, पण मऊ. कापला तर चुरा नाय पडला पाहिजे. आणि दुकानातलं केमिकल काही टाकायचं नाय, हे लोक विचारतात. हा नाय, पुढच्या रविवारी मी येतो, माझ्या हातानं कापून बघतो. जमला तर दिवाळीपासून रोजचा माल तुमचा. माझी गाडी पाहुण्यांना आणा-सोडायला रोज शहरात येतेच.”

ही बातमी अमृतानं हौसेनं वडिलांना फोनवर सांगितली. काकासाहेब म्हणाले, बरं झालं विषय निघाला, ती खालची खोली मी एका मोबाइलवाल्याला द्यायची म्हणतोय. पावासाठी रस्त्यावरची खोली अडवून ठेवणं शहाणपणाचं नाही.

“अण्णा, रविवारपर्यंत तरी थांबा.”

“थांबतो की. लॉजवाला व्हय म्हणाला तर खोली तुझी. नाय म्हणाला तर सोमवारी भट्टी उचलायची. बापाचा शब्द आहे.”

बापाचा शब्द! लोक लेकीला बोळवताना साडी देतात, यांनी धमकी दिली आणि वर तिला शब्द म्हणाले.

अमृता कामाला लागली. कणकेचा पहिला पाव भट्टीतून निघाला तो वीट होता. दुसराही वीट. दोन्ही मी जिन्याखाली ठेवले, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उपयोगी पडले असते.

“आत्या, याला इम्प्रूव्हर लागेल,” ती मला म्हणाली.

“ते काय असतं?”

“कणीक सुधारायची पूड.”

“सुधारायची? ती बिघडली कधी व्हती?”

दुकानातली पूड इंद्रजीतनं नको म्हटली होती, म्हणून अमृता ती घरीच करायला बसली. गव्हाला मोड आणले, ते सावलीत वाळवले, दळले. त्यात दुधाची भुकटी, चिमूटभर सुंठ. इथपर्यंत मी गप्प होते. मग तिनं मेडिकलमधून आणलेली व्हिटॅमिन सीची गोळी खलबत्त्यात टाकली.

“अगं, पावाला ताप आलाय का?”

“थोडीशीच लागते, आत्या. पिठाला ताण देते.”

मी आयुष्यभर जवारीच्या भाकरी थापल्या. एकाही भाकरीला मी कधी गोळी दिली नाही. ज्या खाण्याला उभं राहायला औषध लागतं, ते खाणाऱ्याला काय उभं करणार, असं मी म्हणाले आणि वर निघून गेले. पण संध्याकाळी पाव निघाला तो वीट नव्हता. फुगला होता. मात्र भट्टीबाहेर ठेवल्यावर मधोमध बसला, जुन्या उशीसारखा.

“फुगतोय, पण धरून राहत नाही,” अमृता त्याच्याकडं बघत म्हणाली. “कुठंतरी ताकद कमी पडते.”

ती हे फोनवर वडिलांनाही बोलली. हीच तिची चूक. काकासाहेबांना सल्ला विचारावा लागत नाही. त्यांच्यासमोर नुसतं अडखळलं तरी पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीत बन्सी गव्हाचं पोतं घालून दारात हजर. पूड असलेली बरणी उघडून त्यांनी नाकाशी धरली, आणि डॉक्टरानं नाडी सोडावी तशी खाली ठेवली.

“यात सत्त्व कुठाय?” ते म्हणाले. “पावाला ताकद पाहिजे ना? मग गव्हाची ताकद घाला. चीक! विहीणबाई, मी खोटं बोलतोय का?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटायचे आणि फडक्यातून गाळायचे. भांड्याच्या तळाला पांढराशुभ्र चीक बसतो. त्याच्या कुरडया होतात, तोच वाळवून लहान लेकरांना आणि बाळंतिणींना सत्त्व म्हणून देतात. फडक्यात उरतो तो चोथा, तो म्हशीला जातो. आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या हातचा चीक न्यायला तर चार गल्ल्या सोडून बाया यायच्या, रेशमासारखा लागायचा बोटांना.

म्हणून मी म्हणाले, “खरंय इवाई. ताकद चिकातच असती.”

काकासाहेबांशी माझं हे पहिलंच एकमत.

अमृता म्हणाली, “पण आत्या, चीक तर पाण्यात मिसळून जातो. जे पाण्यात विरतं ते पावाला धरून कसं ठेवील?”

“तुला चीक शिकवायचा आम्हाला?” काकासाहेब हसले. “हिचं लग्न करून दिलं, विहीणबाई, आता शाळेत पण घालावं लागतंय.”

मीही हसले. दोन म्हाताऱ्यांनी मिळून हसलं की तरुण माणसाला गप्प बसावंच लागतं.

गहू भिजले. घरभर आंबूस वास सुटला. सुयश नाक धरून कामावर गेला. चौथ्या दिवशी सकाळी मी वाटून गाळून चीक काढला. काकासाहेब मुहूर्ताला बसावेत तसे भट्टीसमोर खुर्ची टाकून बसले होते. अमृतानं बोटभर चीक कणकेत घातला तर ते उठले, “कंजूषपणा नको गं, आपलं घराणं मोठं आहे,” म्हणाले, आणि वाटीभर चीक स्वतःच्या हातानं ओतला. बाकीचा चीक मी वाळायला वर गच्चीवर नेला.

पाव निघाला तेव्हा त्याच्या पाठीवर मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा होत्या. काकासाहेब म्हणाले, “भेगा वरवरच्या असतात.” अमृतानं सुरी लावली. सुरी खाली जायच्या आधीच पाव खाली गेला. ताटात रव्याचा ढीग. फोडणी दिली असती तर उपमा म्हणून खपला असता.

ढिगात बोट घालून काकासाहेब म्हणाले, “भट्टीत दोष आहे.”

“भट्टीत नाय. गव्हात आहे,” मी म्हणाले.

“माझ्या बन्सीत? साऱ्या कन्नड तालुक्यात असा गहू नाय, विहीणबाई! चीक तुमचा पातळ पडला.”

“माझा चीक? अहो, वाटीनं ओतला कुणी? हात आहे का नांगराचा फाळ?”

“मळण्यात फरक पडला असंल,” असं म्हणून त्यांनी लेकीकडं बघितलं, आणि खरं सांगायचं तर मीही बघितलं, कारण ते सोयीचं होतं.

अमृतानं सुरी पुसली. आवाज अजिबात चढवला नाही. उंबऱ्यात आलेल्या शेळीला हाकलावं इतक्या सहज ती म्हणाली, “तुम्ही दोघं वर जाऊन चहा प्या.”

आम्ही वर गेलो. काकासाहेबांनी चहा घेता घेता मोबाइलवाल्याला फोन लावला आणि सोमवारी खोली बघून जा म्हणून सांगितलं. रविवार अजून उजाडायचा होता. मी त्यांच्याकडं बघत राहिले. स्वतःच पाव पाडायचा, आणि पडलेल्या पावाची शिक्षा लेकीला.

मला तिथं बसवेना. चोथ्याची बादली म्हशीवाल्याकडं पोचवायची होती, म्हणून मी खाली आले. फडक्याला चोथा असा बसला होता की सुटता सुटेना. मी नखानं ओरबाडत होते आणि शिव्या देत होते. मोरीशी भांडी घासत असलेल्या अमृतानं वळून बघितलं. माझ्या बोटांपासून फडक्यापर्यंत त्याचे धागे ताणले गेले होते.

“आत्या, हे इतकं चिकट कसं?”

“चोथा असाच असतो मेला. चीक निघून गेला की मागं हे रबर. रानात राखणीला असताना आम्ही गव्हाचे दाणे चावत बसायचो, त्याचं व्हायचं तसं.”

“चिंगम,” ती म्हणाली. “आम्ही पण करायचो. देवगावला, खळ्यावर.” मग तिनं फडक्यावरचा एक धागा ओढून बघितला. “चावताना पांढरं पाणी सुटायचं ना? ते गिळलं जायचं. आणि तोंडात उरायचं ते कितीही चावलं तरी तुटायचं नाही.”

मी बादली खाली ठेवली. आम्ही दोघींनी ते लहानपणी केलेलं होतं. वर बसलेल्या माणसानंही केलेलं असणार, त्याच गावात. गव्हाला धरून ठेवतं ते हे रबर, हे तिघांच्याही दातांना माहीत होतं, पण डोक्यापर्यंत पोचलं नव्हतं, कारण आमच्या डोक्यात सत्त्व म्हटलं की पांढरं आणि चोथा म्हटलं की म्हशीचं, एवढंच बसलेलं होतं.

तो चोथा आंबलेला होता, कोंड्यानं भरलेला होता, तो पावात घालण्यासारखा नव्हता. अमृतानं ताजी कणीक घट्ट मळली, गोळा पाण्यात बुडवून ठेवला, आणि मग मोरीत बसून नळाच्या धारेखाली चोळायला लागली. पाणी दुधासारखं पांढरं होऊन जाळीतून खाली जायला लागलं. गोळा लहान होत चालला. ते पांढरं पाणी वाया घालवू नये म्हणून मी जन्मभर भांड्याखाली भांडी ठेवली होती.

तेवढ्यात काकासाहेब कपबशी घेऊन जिन्यानं खाली आले.

“अगं, अगं! सत्त्व चाललं मोरीत! येडी झाली का काय? विहीणबाई, बघत काय बसलात, बादली लावा खाली!”

“जाऊ द्या, अण्णा.”

“काय जाऊ द्या! मी पोतं उचलून आणलं ते गटारात ओतायला? घरातली लक्ष्मी अशी वाहून घालवतात का? परवा लॉजवाल्याला काय देणार, चोथा?”

“हो,” अमृता म्हणाली.

काकासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं असणार, एकमत झालेलं आहे, विहीण आपल्या बाजूनं बोलेल. मी त्यांच्या हातातली कपबशी घेतली आणि विसळायला लागले. ते तसेच तणतणत गाडीत बसले. जाताना काचेतून म्हणाले, “रविवारी येतो. तुमचा तमाशा बघायला.”

गोळा धुऊन धुऊन लिंबाएवढा उरला. मळकट रंगाचा, बघायला काही नाही. अमृतानं तो दोन हातांनी ओढला तर वीतभर लांबला आणि सोडल्यावर परत आला. अशा चार गोळ्यांचे तिनं पातळ पापुद्रे करून ताटात पसरले आणि पंख्याखाली ठेवले. उन्हात नको, भट्टीत तर नकोच, गरम झालं की मरतं, म्हणाली. पापुद्रे कडक वाळल्यावर मिक्सरमध्ये घातले. खडी दळल्यासारखा आवाज झाला, शेजारीण बघायला आली. ती भुकटी मोडाच्या पिठाच्या, सुंठीच्या आणि त्या गोळीच्या पुडीत मिसळली. शनिवारचा पाव फुगला, आणि फुगलेलाच राहिला. कापल्यावर तुकडा वाकवला तर वाकला, दाबला तर परत उठला. मी एक तुकडा खाल्ला. वाईट नव्हता. याच्यापुढं मी काही बोलणार नाही.

रविवारी काकासाहेब लवकर आले. रात्रभर त्यांनी विचार केला असावा. टेबलावरचा पाव बघितल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो मला नीट ओळखता आला. “शेवटी चीक घातलाच ना?” ते म्हणाले. “मला माहीत व्हतं. उगं बापापुढं नखरे.”

अमृता सांगायला गेली, “अण्णा, चीक नाही, ते जे मी मोरीत...” पण ते आरशासमोर टोपी नीट करत होते. लेकीचं बोलणं त्यांच्या कानापर्यंत जातं, आत जात नाही.

इंद्रजीत आला. सोबत स्वतःची सुरी आणली होती. त्यानं पाव कापला, एक तुकडा उजेडात धरला, मग लोणी लावून खाल्ला. मग दुसरा. अमृता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

“क्या बात है,” तो म्हणाला. “ताई, यात काय टाकता?”

“कणीक, यीस्ट, मीठ. आणि माझी एक पूड आहे, घरी केलेली.”

इंद्रजीतनं तोंड पुसलं आणि खुर्चीत मागं रेलला. “मग असं करू. रोज इथून पाव न्यायचा म्हणजे उद्या गाडी नाही आली, परवा उशीर झाला, भानगड. माझ्याकडं आचारी आहे, भट्टी आहे. तुम्ही फक्त पुडीचं सांगा. पाव आम्ही तिथंच भाजतो. तुमचं नाव घेऊ ना आम्ही, सगळ्यांना सांगू.”

अमृताचा हात थांबला. नावाला खोली लागत नाही आणि भट्टीही लागत नाही. हे तिला कळलं, मला कळलं. इंद्रजीतला तर येतानाच माहीत असावं. ती म्हणाली, “पाव घ्यायचं ठरलं होतं आपलं. पूड द्यायची नाही मला.”

“अरे, ताई, चिमूटभर पुडीचं एवढं काय...”

“पुडीचं ना?” काकासाहेब पुढं झाले. सकाळपासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, माणूस ताटकळून गेला होता. “पूड आमच्या घराण्याची आहे. मी सांगतो तुम्हाला.”

“अण्णा!” अमृता ओरडली.

“गप गं. पाहुण्याला नाय म्हणायची रीत नाय आपल्यात.” आणि ते इंद्रजीतकडं वळले. “गव्हाचं सत्त्व. चीक! तीन दिवस बन्सी गहू भिजवायचा...”

अमृता मध्ये पडायला निघाली, तेव्हा मी तिचा दंड धरला. “बोलू दे त्यांना,” मी म्हणाले. “घरातला मोठा माणूस बोलतोय.”

त्या माणसाला बोलू द्या, असं मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. अमृतानं चमकून माझ्याकडं बघितलं. मग तिला उमगलं आणि तिनं मान खाली घातली, अगदी मर्यादशील लेकीसारखी.

काकासाहेबांनी सगळं सांगितलं. भिजवणं, वाटणं, गाळणं, आजीपासून चालत आलेली रीत, बाळंतिणी, पैलवान, सगळं. चोथ्याचं काय करायचं, असं इंद्रजीतनं विचारलं तर म्हणाले, “फेकायचा. म्हशीला घालायचा. त्यात काय राम नाय.” मी वर जाऊन गच्चीवर वाळलेला चीक स्टीलच्या डब्यात भरून आणला आणि इंद्रजीतच्या हातात दिला.

“मावशी, तुम्ही खरंच मोठ्या मनाच्या,” तो म्हणाला. त्याला लाजही वाटली नाही. “किती टाकायचा?”

“सढळ हातानं,” काकासाहेब म्हणाले.

गाडी गेली. डबाही गेला. काकासाहेब समाधानानं दाराशी उभे राहिले आणि मग त्यांना आठवलं. “पावाला तर तो व्हय नाय म्हणाला,” ते म्हणाले. “म्हणजे उद्या मोबाइलवाला...”

लेकीचं काम पाहुण्याला पाण्याच्या तांब्यासारखं देऊन टाकलं, तिच्याच समोर, आणि आता खोलीही पाहिजे होती. आणि हे सगळं हसतमुखानं. दुष्ट माणसाचा राग तरी करता येतो. यांचा रागसुद्धा फुकट गेला असता.

“इवाई,” मी म्हणाले, “तो नाय कुठं म्हणाला? तुमच्या घराण्याच्या सत्त्वाची तारीफ करून गेला. उद्या साऱ्या फर्दापुरात सांगंल. कुणी बघायला आलं, हे सत्त्व कुठं निघालं म्हणून, तर त्यांना काय मोबाइलची कव्हरं दाखवायची?”

काकासाहेबांनी जरा विचार केला. विचार करताना ते मिशीला हात लावतात. “तेही खरंच,” ते म्हणाले. “दिवाळीपर्यंत थांबू.”

पुढचं मला फोनवरून कळत गेलं, कारण इंद्रजीत अडला की काकासाहेबांनाच फोन करायचा, आणि काकासाहेब लगेच आम्हाला. पाव चुरतोय, असं तो म्हणाला. काकासाहेबांनी सांगितलं, सत्त्व कमी पडतंय, वाढवा. त्यानं वाढवलं. मग म्हणाला, आता तर सुरी लावायच्या आधीच पडतोय. काकासाहेबांनी सांगितलं, गहू बन्सीच आहे ना, दुकानदारानं फसवलं असंल, आणि वर म्हणाले, चीक आणखी वाढवून बघा. अमृता हे ऐकताना तोंडाला पदर लावून जिन्यात बसायची.

दिवाळीला चार दिवस असताना इंद्रजीत स्वतः आला. चष्मा डोक्यावर नव्हता. त्याच्या लॉजवर पाहुणे उतरले होते आणि सकाळी ताटलीत चुरा बघून एका बाईनं त्याला विचारलं होतं, हा कुठला धान्याचा प्रकार आहे, म्हणून. काकासाहेबही त्या दिवशी आलेले होते, फराळाचा डबा घेऊन.

“ताई,” इंद्रजीत म्हणाला, “पूड राहू द्या. पाव द्या. उद्यापासून गाडी येईल, सकाळी सहाला.”

“रोज?”

“रोज. सीझनभर. पण तेवढं सांगा, आमचं चुकतंय कुठं? सगळं तर काकासाहेबांनी सांगितलं तसंच केलं.”

मी अमृताकडं बघितलं. काकासाहेबांनी इंद्रजीतच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना दया आली होती.

“पूड कुणालाही सांगता येती, बाबा,” ते म्हणाले. “हात कुठून आणशील? हात आमच्या घराण्याचा आहे.”

इंद्रजीतनं मान हलवली. दुसरं काही त्याला सुचलंही नसतं. मोबाइलवाल्याला काकासाहेबांनी स्वतःच फोन करून नाही सांगितलं, आणि का नाही ते अर्धा तास सांगितलं. खोली अमृताची राहिली. देवगावात आता म्हणे ही गोष्ट पारावर सांगितली जाते, की काकासाहेबांच्या चिकानं परदेशी माणसं तृप्त होतात.

ते गेल्यावर मी अमृताला म्हणाले, “बाप आहे तुझा. कधीतरी खरं सांग की त्याला. येड्यासारखा गावभर चीक सांगत हिंडतोय.”

ती मोरीत बसली होती, धारेखाली कणकेचा गोळा चोळत. पांढरं पाणी जाळीतून चाललं होतं.

“सांगेन ना, आत्या,” ती म्हणाली. “पण त्यांना खरं कळलं, तर ते संध्याकाळच्या आत इंद्रजीतला फोन करतील.”

हे मला पटलं. मी पुढचा गोळा भिजत घातला.